अंगठ्याएवढं

माहुलच्या मथुरा वैतींची तक्रार:
मंगळवारी रात्री अडीचला वास आला,
सडक्या लसणीचा, धाकटीला ओकारी झाली.
कुठल्या धुराड्याचा ते लिहून द्या.

त्यांच्या खिडकीत मी हवेचा एक ठिपका ठेवला
आणि उलटा सोडला
मिनिटामिनिटाच्या पावलांनी,
अडीचवरून दोन, दोनवरून दीड,
खाडीवर, खाडीवरून परत आत,
सहा तास मागे.
मग वळवून तसाच पुढे आणला.
त्याच खिडकीत यायला हवा होता.
आला मागच्या इमारतीत,
चौथ्या मजल्यावर, कुणाच्यातरी मोरीत.

केणींच्या नव्या मशीनवर तोच प्रोग्रॅम, तोच वारा,
ठिपका तिसरीकडेच.
केणी म्हणाले, यात आठ जण मिळून बेरीज करतात,
ज्याची आधी झाली त्याची आधी मिळवतात.
बेरजेला क्रम नसतो, शाळेत शिकवलं होतं.
आठव्या दशांशापाशी असतो.

आप्पा मूळजी जेठा मार्केटात वार मोजायचे,
मी वारा मोजते.
लोखंडी गज, त्यावर ताणलेला मांजरपाट,
वार संपला की तिथे अंगठा.
पुढचा वार अंगठ्याच्या अलीकडून धरला तर फायदा शेठचा,
पलीकडून धरला तर गिऱ्हाइकाचा.
चाळीस वारांच्या ताग्यात चाळीस अंगठे.
आप्पा पलीकडून धरायचे.
तेवीस वर्षांत पगार दोनदा वाढला.

पाऊल लहान करा, केणी म्हणाले, वळण चुकणार नाही.
केलं. सेकंदासेकंदाने चालवला.
वळणं त्याने नीट घेतली,
पण एकवीस हजार सहाशे पावलं,
म्हणजे तेवढेच अंगठे.

मशीनचा अंगठा कुणाच्याच बाजूचा नाही.
नेमकं अर्ध्यावर आलं की ते सम आकड्याकडे झुकतं,
कधी वर, कधी खाली.
तरी उरतंच.

आणि हे सगळं मीटरांचं भांडण.
मुळात वाऱ्याची चौकटच पंचवीस किलोमीटरची,
कुलाब्यापासून मुलुंडपर्यंत मिळून दीड आकडा.
मधलं मी अंदाजाने भरते,
ट्रॉम्बेची टेकडीसुद्धा.
दोन धुराड्यांमधलं अंतर चारशे मीटर.

साहेबांना शुक्रवारपर्यंत एक नाव हवं होतं.
रकानाही एकाच नावापुरता.
कागद दाबून धरलेला माझा अंगठा बघत बसले जरा वेळ,
जाड, नखाशी चपटा, आप्पांचाच.
मग दोन्ही नावं लिहिली, बारीक अक्षरात,
दुसरं रकान्याबाहेर गेलं.
खाली लिहिलं: याहून जवळचं मला सांगता येत नाही.

शनिवारी मथुराताईंचा फोन.
काल परत आला होता.
या वेळी पावणेतीनला.