सोफ्यावरची उमेदवार

दर फेब्रुवारीत माझ्या सोफ्यावर कुणीतरी झोपायला येतं.
विभागाची ईमेल असते: पीएचडीच्या मुलाखती,
उमेदवारांना हॉटेल परवडत नाही,
तुझ्याकडे दोन रात्री सोय होईल का?
होते. मानसशास्त्राच्या चौथ्या वर्षाला
सोफा असतो, म्हातारा कुत्रा असतो,
आणि नाही म्हणायची प्राज्ञा नसते.

यंदा ओडेट फॉन्टेनो.
लुईझियानाहून डुलूथला, दोन विमानं बदलून.
बाहेर उणे सव्वीस.
अंगात पुरुषी कोट, बाह्या बोटांच्या पार खाली,
पायात कापडी बूट.
दारातच म्हणाली, इथली हवा नाकात मोडते.
चार वर्षं मी हीच हवा नाकात घेतेय,
तिला मोडताना
कधी ऐकलं नव्हतं.

मसुराचं सूप पिताना तिनं हिशेब सांगितला.
चौदा अर्ज. चौदांची फी,
गुणपत्रिका पाठवायची वेगळी.
शिफारसपत्रांसाठी तिघांची मनधरणी,
त्यातल्या एकानं पत्रभर तिला ओडेल म्हटलेलं.
चौघांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या.
नऊ जणांनी तेवढेही वाटाणे खर्चले नाहीत,
नुसते गप्प, खिडकीबाहेरच्या सरोवरासारखे:
पाय ठेवावा तर पेलेल का, कळत नाही.
हे चौदावं.
डॉ. हाल्वर्सनकडे जागा एक,
आणि गावात आज रात्री असे सहा सोफे.

झोपण्याआधी न्हाणीघरातून तिचा आवाज येत राहिला.
मला या विषयात रस आहे, कारण.
मला या विषयात रस आहे कारण.
"कारण"च्या पुढे ती नळ सोडायची.

रात्री दोनला कुत्रा सोफ्यावर चढला
म्हणून मी उठले, तर ती जागीच.
कोट माझ्या भावाचा, म्हणाली, मी विचारलं नसताना.
एतिएन. शिकागोला शिकायला गेला होता, तेव्हाचा.
परत आला आणि खोलीत गेला.
सात वर्षं झाली.
ताट दाराशी ठेवायचं, रिकामं उचलायचं.
मी दाराशी बोलायला शिकलेय.
कधी आतून दोनदा टकटक येते, म्हणजे ऐकतोय.
कोट त्याला लागत नाही.

निबंधात लिहिलंस हे?
पहिल्या मसुद्यात होतं. सल्लागार बाई म्हणाल्या, काढ.
घरचं दुखणं दिसलं की समितीला वाटतं
ही स्वतःचंच औषध शोधत आलीय.
मग तिथे नमुनासंख्या घातली.
एकशे बारा.

ती हसली. मीही.
माझ्या निबंधातून काय काढलं होतं
ते मी तिला सांगितलं नाही.
आमच्या इमारतीत तीन मजले आहेत,
आणि प्रत्येक दारावरच्या नावामागे
असा एक खोडलेला परिच्छेद असावा, असं मला वाटतं.
विचारायची पद्धत नाही.
आम्ही विचारायचं शिकतो ते परक्यांना.

सोमवारी फॉर्म आला, यजमानांसाठी.
एक ते पाचमध्ये सांगा:
गटात मिसळेल का? ताण कसा झेलते?
खाली एक मोठा रिकामा चौकोन,
काही चिंताजनक आढळलं का?

माझ्याकडे होतं सांगण्यासारखं.
एका वाक्यात तिला वर नेता आलं असतं,
त्याच वाक्यात बाहेरही.
चहा दोनदा गार झाला.
शेवटी लिहिलं:
तळाला लागलेलं पातेलं तिनं न सांगता घासलं.
कुत्र्याला हात लावण्याआधी
त्याला विचारलं.
चौकोनात लिहिलं: बूट.

एप्रिलच्या चौदा तारखेला तिचा मेसेज आला.
प्रतीक्षायादीत दुसरी आहे,
ओरेगॉनमधला कुणी उद्यापर्यंत ठरवणार.
मग बराच वेळ तीन ठिपके हलत राहिले.
मग: तुमचं ते सरोवर वितळलं का?

मी खिडकी उघडली.
अजून नाही, लिहिलं.
आवाज येतोय पण.