खुणेचं झाड

होडी सतरा फुटांची. एक मोठं शीड, एक ठिगळाचं.
जयगड सोडून तिसरा दिवस.
पहाटे मतलईनं पाठीवर हात ठेवून किनाऱ्यापासून दूर नेलं
आणि दहाच्या सुमारास तो आपल्या घरी गेला.
मग लोंबतं शीड, तापलेली फळी,
सुकटीचा वास, आणि इस्माईल फणसोपकर, वय एकोणीस,
मोबाईल डोलकाठीला बांधून रेंज शोधणारा.

माझ्याजवळ पुस्तक एकच. रत्नागिरीत रद्दीवाल्याकडे मिळालेलं,
उत्तरेच्या गार समुद्रात छोट्या होड्या हाकणाऱ्यांचं.
लोकरीचे मोजे, धुकं,
रात्री अकरालाही न मावळणारा उजेड,
खडकाळ बेटांच्या कुशीत नांगर कसा टाकायचा.
भूमापन खात्यातली शेवटची दोन वर्षं
मी ते शब्दकोश घेऊन वाचलं, फायलींच्या खाली लपवून.
एका वाक्याला पेन्सिलीची रेघ:
अनोळखी बंदरात अंधार पडताना शिरू नये.

आणि आम्ही खारवेळच्या तोंडाशी पोचलो
ते दिवेलागणीला.

दुपारचा वारा उशिरा आला, उशिरापर्यंत राहिला.
वाळूच्या दांड्यावर फुटणारं पाणी
आधी ऐकू येतं, मग दिसतं.
भरती नुकती लागलेली. इस्माईल गप्प.
तेवढ्यात एक होडी जाळी भरून आत निघाली,
सुकाणूवर एक म्हातारा, कानाला मफलर.

"मिनार धरा, बाय. नि त्याच्या मागं पिपळ.
दोनी एक झालं का सरळ आत."

मिनार दिसतोय. पिंपळ कुठाय?

"पिपळ? तो तोडला. रस्त्याला.
तो व्हता तिथं बघा."

आणि इंजिनाच्या फटफटीत तो निघून गेला.

तो होता तिथे.

गट नंबर एकशे बारा. झाड एक, जात पिंपळ,
घेर साडेअकरा फूट, बाधित.
अक्षर माझं.
त्याच सावलीत फळकुटावर नकाशा पसरून
मी कोकम सरबत प्यायले होते, दोन पेले,
साखळीवाला शिपाई पारावर झोपला होता.
समुद्र मागे होता. वळून पाहिलं नाही.
आमच्या कागदावर तो कोराच असतो,
खात्याची हद्द भरतीच्या रेषेला संपते.
हरकती मागवल्या होत्या, तीस दिवस, चावडीवर नोटीस.
होड्या त्या महिन्यात बाहेर असतात.

आता माडांची काळी रांग,
तिच्यात पडलेल्या दाताएवढी फट,
फटीत रस्त्याचा नवा दिवा.
"त्याच्या जरा डावीकडं," इस्माईल म्हणाला,
"दिवा खांबावर असतो, झाड मधोमध असणार."
मिनार सरकत सरकत त्या रिकाम्या जागेवर आला
आणि थांबला.

मी पुढे ओणवी, हातात शिशाचा गोळा,
दोरीला वावा-वावावर जुन्या लुगड्याचे काठ बांधलेले.
तीन. अडीच. दोन.
दोन.
दीड.
तळ एकदा वाळूला लागला,
झोपलेल्याला कुणी हळूच हलवून बघावं तसा,
मागून एक लाट आली, उचललं, पुढे ठेवलं.
डावीकडे पांढरं उकळतं पाणी, हाताच्या अंतरावर,
उजवीकडेही.
मग एकाएकी आवाज मागे राहिला.

खाजणाच्या कडेला नांगर टाकला. चिखलानं तो घट्ट धरला.
गावात कुणीतरी मच्छी तळत होतं.
गार समुद्राच्या पुस्तकात, समासात,
बॅटरीच्या उजेडात मी मराठीत लिहिलं:
खारवेळ. मिनार आणि गट नंबर एकशे बारा.
झाड नाही. तरी धरावं.

इस्माईल शिडाच्या घडीवर आडवा झाला होता.
"केवढा असेल हो तो पिंपळ?"
साडेअकरा फूट, मी म्हटलं. घेर.
"आणि उंच?"

उंची आम्ही मोजत नसू.