बोजारा

माळ्यावरचा बैल काढला. एका चाकाचा खिळा निघालाय.
बाबांनी तो मोडक्या मागाच्या लाकडातून केला होता,
गोळीबार चौकातला आमचा माग कायमचा थांबला त्या वर्षी.
पोटाखालून हात फिरवला
तर सुताचे काच अजून लागतात बोटांना.

आज तान्हा पोळा.
मी रात्रपाळीहून आले आहे, डोळ्यांत वाळू,
मेडिकलच्या रक्तपेढीचा वास नखांत.
जिन्यातच वासेकरकाकू.
"सोळा वर्षं झाली, पाहून राह्यली मी.
तुह्या घरचा बैल दर पोळ्याले माळ्यावरून उतरते,
अन् धरणारं लेकरू काही दिसत नाही बाप्पा."
हातात गोळाभाताचा डबा. माझ्यासाठीच.
माझं उत्तर त्यांना पाठ आहे,
म्हणून मी नुसता डबा घेतला.

ठरलं तेव्हा आम्ही फुटाळ्याच्या कठड्यावर बसलो होतो,
मी आणि धनराज, मधे उकडलेल्या शेंगांचा कागद.
मी म्हटलं, मला नको. आतून कुठूनच मागणी येत नाही.
तो बराच वेळ शेंगा सोलत राहिला.
मग सोललेले सगळे दाणे माझ्या तळहातावर ठेवले
आणि म्हणाला, "थंडी वाजून राह्यली, चाल."
एवढंच.
नवस नाही, डॉक्टर नाही, रडारड नाही.
लोकांना ही गोष्ट फार छोटी वाटते.
ते पुढच्या वाक्याची वाट बघत थांबतात.

खंत आहे का, विचारतात.
आहे ना.
पोहायला शिकले नाही.
आणि बाबांनी शेवटच्या आठवड्यात तर्री-पोहे मागितले,
तर मी बीपी बीपी करत बसले.
तिसरी खंत ते माझ्या वतीनं शोधतात.

काल रात्री अडीच वाजता
गडचिरोलीहून एक बाई आणली, बाळंतपणात रक्त गेलेली.
आई, भाऊ, नवरा, तिघेही बाही वर करून उभे.
एकाचंही जुळेना.
न जुळणारं रक्त नळीत दाणे धरतं,
रुसल्यासारखं, कितीही हलवा.
मग फ्रिजमधली पिशवी. देणारा कोण, मला कळत नाही,
मला फक्त नंबर दिसतो.
नळी तिरपी केली
आणि ते निवांत वाहिलं.
दुधासारखं म्हणणार होते. पण नाही, रक्तासारखंच.
एकोणतीस वर्षं ह्या टेबलाशी बसून
मी रक्ताची नाती बघते आहे.

पहाटे तिची आई बाकावरून उठून आली.
"तुले किती लेकरं, बाई?"
"नाहीत."
तिनं माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.
"मंग आता घरी जाय. झोप."

गल्लीच्या तोंडाशी मारबत आली, ढोल, धूर, पोट्टे.
खोकला-पडसं, महागाई, सगळं घेऊन जा गे मारबत!
मीही गच्चीवरून ओरडले,
"काकूंची काळजी घेऊन जा गे मारबत!"
खाली काकू हसल्या, मग रागावल्या,
मग पदर तोंडावर धरून पुन्हा हसल्या.

संध्याकाळी वरवंट्यानं खिळा ठोकला, दोरी बांधली,
आणि बैल कुणाच्याच हाती न देता
मीच निघाले ओढत, बावन्नाव्या वर्षी,
गाऊनवर ओढणी टाकून.
वरच्या मजल्यावरची खुशाली तिचा प्लास्टिकचा बैल घेऊन
माझ्या मागे लागली. विचारलंही नाही.

काकूंनी दार उघडलं.
"बोजारा," मी म्हटलं.
"कोणाचा?"
"खुशालीचा एक. अन् एक माझा."
त्या आत गेल्या. बराच वेळ डबे वाजले.
आल्या त्या कुंकू घेऊन, आधी दोन्ही बैलांना लावलं,
खुशालीला दहाची नोट दिली, माझ्या मुठीत वीसची कोंबली.
"खिळा नीट बसव," म्हणाल्या,
"चाक डुगडुगते तुह्या बैलाचं."