पुन्हा प्रयत्न करा

चाकणहून पेटी परत आली, शनिवारी, दुपारच्या चहाला.
दोनशे बोल्ट, आणि वर चिठ्ठी : गंज.
मी एकेक काढून उजेडात धरला.
आटे स्वच्छ. दांडा स्वच्छ. तेलाचा पापुद्रा जिथल्या तिथं.
एकोणिसाव्याच्या डोक्यावर, कंपनीच्या अक्षरांना चिकटून
तांबडा अंगठा.

डाग नव्हे, अंगठा.
भोवरा, आणि त्याला उजवीकडून छेदणारी
जुन्या जखमेची रेघ.
रेशनच्या वहीत उमटावा तसा,
फक्त शाईच्या जागी लोखंड.

जस्ताच्या मालाचं असं होत नाही.
जस्त आधी स्वतः पांढरं पडतं,
मिठाच्या फवाऱ्यात चार दिवस-रात्र उभं राहतं.
पण हा माल जादा ताकदीचा,
ह्याला आम्ल दाखवायचं नाही, आतून ठिसूळ होतो.
ह्याला नुसतं तेल, पिवळा कागद
आणि कोरडे हात.

पॅकिंगला पाच जण. चौगुलेसाहेब म्हणाले, बघा कुणाचा.
हातमोजे संपून दोन आठवडे झालेले,
मागणीची चिठ्ठी त्यांच्याच टेबलावर, जेवणाच्या डब्याखाली.
हे मी म्हणाले नाही.

बाबालाल मुजावर आपणहून पुढं आला.
बोल्ट हातात घेतला नाही. लांबूनच वाकून बघितला.
"माझाच की ह्यो.
तांबेरा पडलाय बघा, उसाच्या पानागत."

सत्तावीस वर्षं आम्लाच्या टाकीवर,
डोळे अधू झाले तेव्हा इकडं बसवलेला.
घाम असा, की घड्याळाची पितळी साखळी
बकरी ईद ते बकरी ईद टिकत नाही.

शिरोलीच्या ह्या गेटवर नवीन यंत्र आहे.
रोज सकाळी आठला तो अंगठा ठेवतो,
यंत्र म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
शर्टाला पुसून ठेवतो.
पुन्हा प्रयत्न करा.
फुंकर घालून. मग डावा.
मागं रांग, मोटरसायकलींचे हॉर्न.
शेवटी वॉचमन वहीत लिहितो : मुजावर, हजर.
यंत्रवाला सांगून गेलाय,
आम्लानं रेघा खाल्ल्यात,
ह्या माणसाला अंगठाच नाही म्हणून समजा.

लोखंडानं पहिल्या खेपेला ओळखला.

सोमवारी मोजे आले. मंगळवारी माल गेला,
पुसून, तेल लावून, कागदात गुंडाळून,
एकशे नव्याण्णव.
अहवालात मी लिहिलं, कारण : हाताचा घाम. उपाय : मोजे.
नाव विचारणारा रकाना फॉर्ममध्ये नव्हता,
बरं झालं.

एक माझ्या खणात आहे.
पंचगंगेकडून सकाळी दमट वारा येतो,
खणाच्या फटीतनं आत जातो.
भोवऱ्याच्या रेघा आता एकमेकींत मिसळायला लागल्यात,
जखमेची रेघ तर गेलीच जवळजवळ.

काल सगळे घरी गेल्यावर
मी त्या गंजावर
तेलाचा एक थेंब सोडला.