काट्यावरची चिठ्ठी

होटगी रोडच्या वजनकाट्यावर
आमचं चाकांवरचं घर भरलं
दोन हजार एकशे चाळीस किलो.
चिठ्ठी खिशात घालून आसरा चौकात गेलो.

मैनुद्दीनशेठ बॉनेट पुसत म्हणाला,
"साठ हजारच पळालीय. डॉक्टरांची गाडी."
पण ब्रेकच्या पायडलचं रबर
गुळगुळीत,
वडिलांच्या मागाच्या पावडीसारखं.

खाली वाकलो. मागच्या हुकाला
ओढल्याचे चकचकीत वळ.
डॉक्टर काय ओढत होते, शेठ?
त्यानं चहा सांगितला.

नरसव्वा केव्हाची मागच्या सीटवर,
चादरीचा पोत बघावा तसं
कव्हर चिमटीत धरून.
"ओढलंय, म्हणजे ओढंल," म्हणाली.
"आणि तुळजापूरच्या घाटात बसलीच,
तर घर मागंच आहे की."