मागची बाजू

सातपूरच्या शेडमध्ये मी लेबलं वाचते,
छापायच्या आधी, चुका काढायला.
अकरा वर्षं झाली. चष्म्याचा नंबर तीनदा वाढला,
पगार दोनदा.

तुम्ही डबी पुढून बघता.
मी मागून.
पुढे द्राक्षाचा घड, त्यावर दव.
मागे पहिलं नाव पाण्याचं,
त्याला अ‍ॅक्वा म्हटलं की भाव चढतो.
जे जास्त ते आधी, जे कमी ते नंतर,
असा यादीचा नियम.
म्हणून सेंद्रिय द्राक्षबियांचं तेल शोधायचं
तर खाली, अगदी खाली उतरावं लागतं.
लग्नात शेवटच्या पानावर बसलेल्या
लांबच्या मावसभावासारखं
ते तिथं सापडतं, अवघडून.

‘सुगंध’ हा एकच शब्द.
त्याच्या पोटात कितीजण दडलेत, कुणी विचारत नाही.
आणि ‘सेंद्रिय’ वेगळं, ‘सेंद्रिय घटकांसह’ वेगळं.
त्या ‘सह’वर किती घरं चालतात.
माझंही.

परवा एक प्रूफ आलं,
दिंडोरी रोडच्या कुठल्याशा नव्या कंपनीचं.
हिरवं पान, खाली ‘प्रमाणपत्र क्रमांक’,
आणि क्रमांकाच्या जागी कोरं.
मी लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढलं.
खैरनार शेठनी फोन लावला.
उत्तर आलं:
पान अजून थोडं हिरवं करा.

यज्ञेशनं केलं. पोराचा हात छान आहे.
शिरा इतक्या खऱ्या
की मी उगाच त्यावरून बोट फिरवलं.
बोट थिनरनं चिरलेलं,
कागदावर खरखरलं.

घरी जाताना रविवार कारंजाजवळच्या घाण्यावर
शंभर मिली खोबरेल घेते,
खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत.
“शुद्ध ना?” दर वेळी विचारते.
पुंजाभाऊ तोंड भरून हसतात.
त्या हसण्याची मागची बाजू
मला अजून वाचता आलेली नाही.

रात्री भांडी झाल्यावर तेल चोळते,
आणि सवयीनं बाटली फिरवून
दिव्याखाली धरते.
जुनं लेबल अर्धं सोललंय.
उरलंय एवढंच:
वापरण्यापूर्वी चांगली हलवा.

मी हलवते.