ठसका

बाटल्या चार.
बेरीज सातशे बारा रुपये, पिशवीचे वेगळे.
पावती खिशात घडी घालून ठेवली,
मालनला दाखवायची नाही म्हणून.

तिचा उजवा हात मनगटापासून प्लॅस्टरात,
ती गडहिंग्लजला, लेकीकडे.
डब्यातलं तिचं वाटण परवाच तळाला लागलं.
गाडी बंद ठेवली तर गिऱ्हाईक मोमोवाल्याकडे वळतंय,
आणि एकदा वळलेलं गिऱ्हाईक
रंकाळ्याला फेरी मारून परत येईलच असं नाही.

दुपारी तीन. गाडी अजून ताडपत्रीत.
शेगडी पेटवली, दोन कोंबड्या चार परातींत वाटल्या.
चाखायला दस्तगीर पंक्चरवाला
आणि हिंदुराव, जे मिल सुटल्यापासून
फुकटच्या कुठल्याही कामाला वेळेवर हजर असतात.

पहिली मालवणी.
दस्तगीर बोट चाटत म्हणाला,
'नारळ हाय, पर समुद्र बघितलेला न्हाई त्येनं.'

दुसरी सावजी, काळीशार, दगडफुलाच्या वासाची.
हिंदुराव गप्प झाले. नाक पुसलं. दुसरा तुकडा उचलला.
'गडी दमाचा हाय,' म्हणाले,
'पर परगावचा. फेटा बांधा, नारळ द्या,
आपल्या गाडीवर नगं.'

तिसरीत नुसता धूर.
बाटलीत धूर कसा भरत असतील?
शेगडीवर ठेवण्याआधीच भाजल्याचा वास,
लग्नाआधीच बारशाचे पेढे वाटावेत तसा.

चौथी मुद्दाम मागं ठेवलेली.
लेबलावर मिशा, मिशांना जाळ,
खाली पिवळ्या अक्षरांत: कोल्हापुरी स्टाईल.
हिंदुरावांनी चष्मा वर सारून पत्ता वाचला,
दोन राज्यं पलीकडचा कुठलातरी प्लॉट नंबर.

लाल तर होती. इतकी लाल की परात घासून निघेना.
तिखटसुद्धा होती म्हणायला,
पण उंबऱ्यातूनच 'येतो हं' म्हणून
चहा न घेता जाणाऱ्या पाव्हण्यासारखं तिखट.
आणि मागून साखर.
गुळाच्या गावात, साखर.
कुणीच काही बोललं नाही.
जत्रेत कुणी आपली नक्कल करावी
आणि हसणाऱ्यांत आपणच उभे असावं,
तसे तिघं शेगडीकडं बघत राहिलो.

तरी संध्याकाळी तीच लावली.
नाव तर आपलंच होतं तिच्यावर.

खपली. खोटं कशाला बोलू.
कॅमेरा घेऊन आलेल्या एका पोरानं
तंगडी दिव्याखाली धरून फोटो काढला,
म्हणाला, 'हीच खरी कोल्हापुरी चव.'
मी नव्वद रुपये घेतले, दहा परत दिले.
हिशेब बरोबर होता, पण त्याच्याकडं बघवेना.

साडेआठला मालनचा फोन.
हात तेलाचे, म्हणून स्पीकर लावला,
लिंबाच्या टोपलीला टेकवून ठेवला.
'गर्दी हाय?'
'हाय.'
'वाटण पुरलं?'
'पुरलं की.'

ती गप्प.
सळया फिरत होत्या, कुणीतरी जादा कांदा मागत होतं,
मागून एक रिक्षा गेली.
ती ऐकत होती.
मग म्हणाली, 'मग कुणी ठसकत कसं न्हाई?'

अकरा वर्षं मी त्या ठसक्याला शिव्या दिल्या.
तिचं वाटण निखाऱ्यावर ठिबकलं की
बाकावरची माणसं डोळे पुसत उठायची,
शेजारचा चष्मेवाला दोनदा तक्रार करून आला,
एका बाईनं पोराच्या तोंडावर पदर धरून
मला काय काय ऐकवलं.
आज बाकावर सगळे कसे शांत,
डोळे कोरडे,
भजनाला बसल्यासारखे जेवणारे.

मी तोंड बाजूला करून
दोनदा खोकून बघितलं.

'तुमचा खोकला मला कळतोय,' ती म्हणाली.
'बाटली ठेवा खाली. कांदे चार, साल न काढता,
निखाऱ्यात घाला. लसूण सोला.
मी सांगते तसं करा.
हात मोडलाय माझा,
तोंड न्हाई.'